अनंतच्या कपाळावर सिंथियाचं बोट

९ ऑक्टोबर, बुधवार
अनंतने आज जेवताना सांगितलं. बांगड्याचा काटा काढता काढता. "मी बाप्तिस्मा घ्यायचं म्हणतोय."

मला चेष्टा वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस चर्चच्या आत आला तो दोनदा. आमच्या लग्नात, आणि आमचा नील गेला तेव्हा. एरवी रविवारी मला फाटकापाशी सोडायचं आणि मिरकरवाडा बंदरावर दुरुस्तीच्या कामाला जायचं. बोटींची इंजिनं रविवारीसुद्धा बंद पडतात.

चेष्टा नव्हती. फादरांशी बोलणं झालंय. पुढच्या बुधवारपासून वर्ग.
"तुला फादरांकडे कोणी पाठवलं?"
"सिंथियाने."

म्हणजे तिला माझ्याआधी माहीत.

१० ऑक्टोबर
खरं तर आनंद व्हायला हवा. लग्न झाल्यावर किती मेणबत्त्या लावल्या मी यासाठी. मग सोडून दिलं.

सिंथिया पलीकडच्या बिल्डिंगमधली. निवृत्त नर्स, लग्न केलं नाही. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा पाठीच्या जखमा साफ करायला रोज यायची. काम झालं की त्यांचा हात धरून गप्प बसायची. अनंत म्हणतो, एकदा तिला विचारलं, "तुम्ही मनात काय म्हणत असता?" तिथून हे सगळं सुरू झालं.

मी पण बसायचे की सासूबाईंजवळ. मला नाही कधी विचारलं, तू मनात काय म्हणतेस.

(काय म्हणायचे मी? उद्या शाळेत शिकवायला जाताना कुठला डबा न्यायचा ते.)

२३ ऑक्टो.
वर्गात दोघंच. अ. आणि चिपळूणची एक मुलगी, तिचा होणारा नवरा कॅथलिक आहे. फा. शिकवतात, सिं. मदतीला. अ. हात घासून घासून धुतो जायच्या आधी. नखांतलं ग्रीस काढायला माझा जुना टूथब्रश घेतला. माझ्या माहेरी वेंगुर्ल्याला जाताना सुद्धा एवढं कधी केलं नाही.

आल्यावर विचारतो, "मिस्सेत फादर वाईनमध्ये पाण्याचा थेंब का घालतात?"
माहीत नाही म्हटलं. जन्मापासून दर रविवारी ती उपासना बघतेय, माहीत नाही.
"सिंथियाला विचारतो," म्हणाला. साधेपणाने. माझ्या अंगाचा तिळपापड.

१७ नोव्हें., रविवार
फादरांनी मिस्सेनंतर थांबवलं. बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक माणूस लागतो, त्याची हमी घेणारा, बरोबर उभा राहणारा. मी म्हटलं, मी आहे ना. फा. हसले. "नवरा-बायको शक्यतो नको, लुईजा. त्याला तुझ्यापासून थोडी मोकळी जागा हवी."

मोकळी जागा!
धर्ममाता सिंथिया. अर्थात.

१ डिसें., रविवार
आज स्वागताचा विधी. लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

अ. आणि चिपळूणची मुलगी चर्चच्या दारात उभी. फा. विचारतात, काय हवंय तुम्हाला? अ. म्हणाला, "श्रद्धा." आवाज चिरकला. मग धर्ममाता क्रूसाची खूण करते. कपाळावर. कानांवर. डोळ्यांवर, तेव्हा त्याने डोळे मिटले. ओठांवर. छातीवर, खांद्यांवर. हातांवर करताना सिं.ने त्याची बोटं उलगडली, सावकाश, आजाऱ्याची उलगडावीत तशी. शेवटी खाली वाकून पावलांवर.

त्या हातांवरची प्रत्येक भाजल्याची खूण मला पाठ आहे. डोळे मिटून सांगेन. मी तिसऱ्या बाकावर बसून गाण्याचं पुस्तक उलटं धरलं होतं. शेजारच्या बाईंनी सरळ करून दिलं.

८ डिसें.
नवीन पद्धत. बाप्तिस्मा व्हायचाय त्यांनी प्रवचन संपलं की बाहेर जायचं, आजच्या वाचनावर बोलत बसायचं. म्हणजे मी आत, तो आणि ती व्हरांड्यात. चिपळूणची पोर पण असते, पण मला ती दिसतच नाही.

ख्रिस्तप्रसाद घेऊन परत बाकाशी येताना खिडकीतून बघितलं. तो काहीतरी सांगत होता, हातवारे करून. घरी इंजिनाबद्दलसुद्धा एवढं बोलत नाही. ती ऐकत होती. जिभेवर प्रसाद तसाच होता माझ्या, गिळायचं विसरले.

२६ डिसें.
आमची लेक सोनिया पुण्याहून आली आहे. काल नाताळला पप्पा गोठ्याच्या देखाव्यापुढे बराच वेळ उभे होते ते बघून रडली. मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मम्मी, तू जळतेस का?"
"मी? आणि सिंथियावर? अठ्ठावन्न वर्षांची आहे ती."
"तिच्यावर नाही. पप्पांवर."

नेवऱ्या तळायच्या राहिल्या होत्या. तिला नारळ खवायला बसवलं. पोरीला शिकवलं हीच चूक.

१२ जाने.
गावाहून मोठ्या दिरांचा फोन. अ. बंदरावर होता म्हणून मीच घेतला.
"अगो लुईजा, शेवटी केलंस ना तुझ्या मनासारखं? आई जायची वाट बघत होतीस?"

काय सांगू? दादा, माझ्या मनासारखं काही होत नाहीये? मी फोन ठेवून दिला. नंतर अ.ने उलट फोन लावला. शांतपणे बोलला. "दादा, घर सोडत नाहीये मी. गणपतीला येईन, मखर मीच बांधीन. पूजेला बसणार नाही एवढंच." मग दादा म्हणाले, "मखर तरी बांध." फोन ठेवल्यावर अ. गॅलरीत जाऊन उभा राहिला.

जवळ जावंसं वाटलं. गेले नाही. सगळं श्रेय सिं.चं आणि दोष माझा, हे डोक्यात फिरत होतं.

५ मार्च, राखेचा बुधवार
ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. अ.ने चहा सोडला. मी काय सोडलं? माझं दरवर्षीचं. गोड. दरवर्षी पाचव्या दिवशी मोडतं.

९ मार्च, रविवार
सावंतवाडीला बिशपांसमोर निवडीचा विधी. मला पण बोलावलं होतं. डोकं दुखतंय सांगून राहिले. पहाटेच्या गाडीने अ., सिं. आणि बाकीचे गेले.

संध्याकाळी आला तो चेहरा वेगळाच. तापातून उठल्यासारखा हलका. सांगत होता, बिशपांनी विचारलं, हे तयार आहेत का? तेव्हा सिंथिया म्हणाली, "मी याच्याबद्दल खात्रीने सांगते, हा प्रार्थना करतो."
"तू घरी कुठे करतोस?" मी विचारलं.
"तू झोपल्यावर. तुला संकोच वाटेल म्हणून."

मग बोलू नये ते बोलले. म्हटलं, "बोटींची इंजिनं जमेनात म्हणून आता आत्मे दुरुस्त करणार का? आणि ती सिंथिया काय पाना धरायला?" तो हात धुवायला उठला. चिडला असता तर बरं झालं असतं.

१६ मार्च
बोलणं बंद. म्हणजे मीठ दे, गॅस संपला, एवढंच.

२४ मार्च, सोमवार
शाळेतून परस्पर सिंथियाकडे गेले. तिने पन्हं दिलं. ग्लास हातात धरून सरळ म्हटलं, "माझ्या नवऱ्याला सोड."

तिला हसू आलं असेल तर दिसू दिलं नाही. "लुईजा, तो माझ्याकडे तुझ्याबद्दलच बोलतो."
"काय बोलतो?"
"नको विचारू."
विचारलं. तिने सांगितलं. नील गेला त्यानंतर मी घरी मोठ्याने प्रार्थना म्हणणं बंद केलं. आधी रोज संध्याकाळी म्हणायचे म्हणे, हा शेजारच्या खोलीत पेपर धरून ऐकायचा. त्याने तिला सांगितलं, "तिचं आत काहीतरी बंद पडलंय. मला सुरू करता येत नाही. म्हटलं, निदान ते चालतं कसं ते तरी शिकावं."

आठ महिन्यांचं माझं बाळ. त्याबद्दल आम्ही दोघं कधी एक अक्षर बोललो नाही. आणि हा तिथे, त्या सोफ्यावर, तिच्यापुढे.

कोणाला वाटेल मी रडले असेन. मला इतका राग आला की ग्लास आपटला. म्हटलं, "पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्म्याला तू त्याच्या बाजूला उभी दिसलीस तर मी सगळ्यांसमोर उठून जाईन." तिने पुसायला फडका आणला. खाली बसून पुसत म्हणाली, "बरं."

नुसतं बरं.

१ एप्रिल
सिं. कांदिवलीला भावाकडे गेली. फादरांना सांगितलं, भावजय आजारी आहे. अ.ला फोनवर कळलं. मला काही विचारलं नाही. टेबलाशी बसून प्रार्थना शाळेतल्या मुलासारखी पाठ करत होता, "हे आमच्या स्वर्गीय बापा". 'आमचे अपराध क्षमा कर' याच्या पुढे अडखळला. मला येतं पुढचं, आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो. सांगितलं नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
फादर त्याला म्हणाले, दुसरं कोणीतरी बघू, चर्चचे जुने सेवेकरी आहेत, ते उभे राहतील. अ. म्हणाला, "बघू." घरी येताना आरे-वारेच्या किनाऱ्याने लांबून आलो. का ते त्यानेही सांगितलं नाही. वाटेत एकदा म्हणाला, "समुद्र आज स्वच्छ आहे." मी हो म्हटलं. उपवासकाळातलं आमचं सगळ्यात मोठं संभाषण.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
क्रूसाचं चुंबन घ्यायला रांग. माझ्या पुढे अ. तो वाकला तेव्हा मानेवर पांढरे केस दिसले, कापायला हवेत. त्याने ओठ टेकले आणि हलेचना. मागची रांग थांबली. मी दरवर्षी ओठ टेकते न टेकते करून पुढे सरकते. काय दिसतं याला तिथे? मला का नाही? सोनिया खरं बोलली होती. सिंथिया काय, आज आहे उद्या नाही. मला हेवा या माणसाच्या त्या थांबण्याचा.

१९ एप्रिल, पवित्र शनिवार. संध्याकाळचे पाच.
आज रात्री बाप्तिस्म्याचा विधी.

सकाळी सिंथियाला फोन लावला. "ये."
"तुला हवी आहे मी, की त्याला?"
मी परत म्हटलं, ये. ती म्हणाली, गाड्या भरलेल्या आहेत, बघते. तेव्हापासून काही नाही. फोन लागत नाही.

दुपारी अ.ला सांगितलं, तिला मी घालवलं. मोठ्या तयारीने सांगायला बसले होते, पण दोनच वाक्यांत संपलं. तो पांढऱ्या शर्टाची घडी मोडत होता. बराच वेळ मोडलेलीच घडी मोडत राहिला. मग म्हणाला, "नीलबद्दल मी तुझ्याशीच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही."
मी म्हटलं, "मला पण."

मग विचारलं त्याने. "ती नाही आली तर तू उभी राहशील?"
"फादर नको म्हणतात."
"फादरांचं नाही विचारलं."

अजून काही बोलले नाही. तो आंघोळीला गेलाय. गल्लीत रिक्षा थांबल्यासारखी वाटली, उठून बघितलं, पुढच्या बिल्डिंगची होती. खिडकीतच उभी राहून म्हटलं, देवा, सिंथिया वेळेवर पोचू दे. खूप वर्षांनी मनापासून काही मागत होते. आणि म्हणता म्हणताच आतून दुसरा आवाज, तोही माझाच, तोही तितकाच मनापासून. नको येऊ दे.

दोन्ही ऐकलं असेल देवाने.

न्हाणीतलं पाणी बंद झालं. आता बाहेर येईल.