मधली डबी

ती. आईस,

वाकून नमस्कार. जेवण वेळेवर होतंय, चष्मा नवा घेतलाय. काळजी करू नकोस.

काम तेच. समुद्राच्या तळाचा जुना गाळ धुवायचा आणि प्लँक्टनची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची, रव्याएवढी कवचं ओल्या ब्रशाने वेचायची, तू तांदूळ निवडतेस तशी. एकेक थर साचायला हजारो वर्षं लागलेली; प्रत्येक थराची एक डबी. कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वी फार तापली होती, तेव्हाच्या लाल थरात आठवडाभर शोधूनही एकही कवच मिळालं नाही. अशी रिकामी डबीही आम्ही नाव घालून जपून ठेवतो.

परवा पाहुणे आले. साहेबांनी लाल थराआधीची आणि नंतरची डबी दाखवली. म्हणाले, "बघा, पृथ्वी एवढी तापूनही काही बिघडलं नाही!" मधली डबी कचऱ्यात. "रिकामी काय दाखवायची?"

शी! किळस आली गं मला. नंतरच्या डबीतल्या जाती वेगळ्याच आहेत, आधीच्या कित्येक परत आल्याच नाहीत. मी कचऱ्यात हात घालून डबी काढली आणि पाहुण्यांपुढे ठेवली. म्हटलं, "यात हजारो वर्षं आहेत."

बाबांचा गुडघा कसा आहे? मला सध्या सुट्टी आहे, साहेबांनीच दिली. माझी गादी उन्हात टाकून ठेव.

तुझी,
धाकटी