दुसऱ्या ओळीतला ओटिस

बेल्डर, नेब्रास्का
शनिवार, २२ फेब्रुवारी

एल्डनभावजींना लुएलावहिनीचा आशीर्वाद, आणि त्याच्या मागोमाग थोडा राग. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवते आहे, वाटेत वेगळे झाले नाहीत म्हणजे मिळवली.

तुमची कंबर कशी आहे? तिकडे आयोवात बर्फ आमच्यापेक्षा जास्त पडलाय म्हणे. तुम्हाला दोन खोल्यांच्या घरात तो उपसायला लागत नसेल, तेवढंच सुख. मी उत्तम आहे. (उत्तम म्हणजे उठते, जेवते, गोठ्यात जाऊन येते. याहून खोल चौकशी करू नका.) पत्रास कारण की, कारण काही नाही. तुम्ही इकडे या असं सांगायला मी लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. नोव्हेंबरात तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत, फुलांचं चक्र पाठवलंत. चक्र चांगलं होतं. त्यावरची फीत आमच्या टीमची लाल नव्हती, तिकडच्या टीमची पिवळी होती, हे गावातल्या झाडून सगळ्यांनी पाहिलं. पण लॅम्बर्टने डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यातून नवं भांडण काही उभं राहिलं नाही.

दुसरी बातमी म्हणजे मी गायी विकते आहे. बेचाळीसच्या बेचाळीस. मार्च लागला की त्या व्यायला लागतील, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने एकटीने दोन पाय धरून वासरू ओढायचं म्हणजे वासराची आणि बाईची दोघांचीही थट्टा. येत्या शुक्रवारी, अठ्ठावीसला, ट्रक येणार आहे. हा विषय इथे संपला, त्यावर मला सल्ला नकोय. (शेजारचा मिलो डुसेक रोज देतो, तेवढा पुरतो.)

आता जी गंमत झाली ती सांगते. गंमत म्हणजे काय, हात दाखवून अवलक्षण. तुम्हाला आठवत असेल, दर फेब्रुवारीत लॅम्बर्ट इर्माच्या हॉटेलात भिंतीला खाटकाचा पांढरा कागद चिकटवायचे आणि त्यावर आपल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमची पुढच्या मोसमातली पुढची रांग लिहायचे. पाच जागा, एकेका जागेखाली तीन नावं, अशा पंधरा चौकटी. सगळं गाव बॉल पळवणाऱ्या पोरांवर जीव टाकतं, पण तुमच्या दादांचा जीव त्या पाच धटिंगणांवर, जे बॉल टाकणाऱ्या पोराला वाचवायला समोर भिंतीसारखे उभे राहतात, ज्यांची नावं कोणी घेत नाही, आणि घेतलीच तर चूक केली म्हणून घेतात. एकतीस वर्षं त्यांनी तो कागद लावला. त्यांचा एक नियम होता, तुम्हीही तो हजारदा ऐकलाय: चौकट रिकामी ठेवायची नाही. पुढचा कितीही दणकट असो, त्याच्यामागे नाव हवं, आणि त्या नावामागे आणखी एक. गुडघा जायला अर्धा सेकंद लागतो, म्हणायचे, आणि तेव्हा मागे वळून बघावं तर कोणी नाही, असं होता कामा नये.

(आणि याच कागदावरून अकरा वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर काय झालं तेही तुम्हाला आठवत असेल. थँक्सगिव्हिंगचं जेवण, टर्की अजून कापायची होती, आणि तुम्ही ती तिकडची पिवळी-काळी टोपी डोक्यावर ठेवूनच बसलात. वर म्हणालात, "दादा, तुझी ती रांग म्हणजे गोठ्यातली वासरं आहेत, नुसती खातात आणि उभी राहतात." लॅम्बर्टने सुरी खाली ठेवली आणि दाराकडे बोट दाखवलं. तुम्हीही उठलात, "तू बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही" म्हणालात, आणि गेलात. एका टोपीपायी! मी खसखशीचं सारण भरून चोवीस कोलाचे, आपल्याकडचे ते गोड पाव, केले होते. त्यातले अठरा तसेच राहिले. तुमचं ते वासरांचं वाक्य मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तर यंदा त्यांच्याऐवजी इर्माने कागद लावला आणि तो कोराच राहिला. फेब्रुवारी अर्धा गेला. म्हातारे रोज येऊन कॉफी प्यायचे, कागदाकडे बघायचे आणि हवेबद्दल बोलायचे. शेवटी एका सकाळी मिलो माझ्या दारात हजर, टोपी हातात. मिलो आणि टोपी हातात! मला वाटलं आणखी कोणी गेलं. म्हणाला, "लुएला, त्याची खिशातली वही असेल ना घरात? तूच लिही बाई. तो कागद बघवत नाही." मी म्हटलं, अरे, सेहेचाळीस वर्षं मी सामन्याला त्यांच्या शेजारी बसले ती थर्मास सांभाळायला. तर म्हणे, तेवढं पुष्कळ आहे.

वही तुम्हाला माहीत आहे, बियाण्याच्या कंपनीवाले फुकट देतात ती, बोटभर जाडीची. त्यांच्या कोटाच्या खिशातच होती. तीन महिने मी त्या कोटाला हात लावला नव्हता. वहीतून पेन्सिलीचा, डिझेलचा आणि त्यांच्या पुदिन्याच्या गोळ्यांचा वास आला, आणि पहिल्या दिवशी मी ती नुसती मांडीवर घेऊन बसले, उघडली नाही. खोटं कशाला सांगू, खूप रडले.

दुसऱ्या दिवशी कामाला लागले. हिशेब असा निघाला: रांगेतले चौघे शिक्षण संपवून जाणार, दोघे दुसऱ्या कॉलेजात पळाले (आजकाल पोरं कॉलेज असं बदलतात जसे आपण बूट बदलतो, बूट तरी जरा जास्त टिकतात), एकाचा गुडघा कामातून गेला. खात्रीचे उरले आठ. डाव्या टोकाला तो उंच ग्रेडी होलूब, यावर सगळ्यांचं एकमत. पण आठ नावांत पंधरा चौकटी भरायच्या कशा? म्हणून मी वहीतली टिपणं चाळली आणि ज्याच्यापुढे तीनशे पौंडांच्या आसपास वजन लिहिलंय असा एकेक वेचला. छापील यादीत तो नाही म्हणून मी अडले नाही. तुमच्या दादांनी एकदा यादीत नसलेला एक शेतकऱ्याचा पोरगा तिसऱ्या ओळीत लिहिला होता आणि तो पुढच्या वर्षी पहिल्या ओळीत खेळला, हे मिलो अजून सांगतो. मी म्हटलं, लॅम्बर्टने पाहिला असेल, म्हणजे असेल.

असा मला सापडला एकाहत्तर नंबरचा ओटिस. तीनशे आठ पौंड. त्याच्यापुढे लिहिलं होतं: "मागची बाजू भक्कम. डोकं खाली ठेवून ढकलतो. गर्दीला घाबरत नाही. उठायला आळशी. फाटकाकडे लक्ष ठेवून असतो, संधी मिळाली तर पळेल." मी त्याला उजवीकडे दुसऱ्या ओळीत घातलं आणि बस्टर नावाच्या दुसऱ्या एकाला मधल्या जागी तिसऱ्या ओळीत. कागद लावायला गेले तेव्हा इर्माने सगळ्यांची कॉफी पुन्हा भरली. काय सांगू भावजी, उंटावरून शेळ्या हाकणारी ती माणसं, पण त्या दिवशी चर्चमध्ये बसल्यासारखी बसली होती. मी टिपणं वाचून दाखवली. ओटिस पळेल म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. पळेलच, हल्ली कोण टिकतं! त्यांच्यातला डेलमर म्हणाला, "हा पोरगा मी पाहिलाय. उन्हाळ्यात सरावाला आला होता. हात काय लांब आहेत!" मिलो म्हणाला, ओटिसचा काका पण खेळायचा, त्याचा गुडघा कच्चा होता, पण मन मोठं. मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू. घरी येताना मी गाडीत मोठ्याने म्हटलं, लॅम्बर्ट, भरल्या सगळ्या चौकटी.

आणि परवा सकाळी गोठ्यात चारा टाकत होते. गेल्या वर्षीच्या वासरांतला एक गोऱ्हा नेहमी फाटकाला टेकून उभा राहतो, तो बाजूला होईना. मी कोपराने ढकलला, तर त्याने मान वळवली आणि कानातला पिवळा बिल्ला माझ्या नाकासमोर आला. एकाहत्तर. मी म्हटलं, "ओटिस?" आणि त्याने माझी बाही चाटली. आता आठशे पौंडांचा झालाय. मागची बाजू, खरंच, भक्कम आहे. पलीकडे कोपऱ्यात बस्टर होता. तुमच्या दादांनी पोरं आणि वासरं एकाच वहीत, एकाच पेन्सिलीने, एकाच मायेने लिहिली होती, आणि जुलैतलं गोऱ्ह्याचं वजन अगदी पोरांइतकंच भरतं, हे मला कोण सांगणार होतं? मी तिथेच बादली उलटी करून बसले. आधी हसू आलं. मग वाटलं, हे मी आता सांगू कोणाला? ज्यांना सांगायचं ते नाहीत, आणि ज्यांनी "वासरं" म्हणून चिडवलं होतं ते दोनशे मैलांवर पिवळी टोपी घालून बसलेत. तेव्हा मात्र हसू गेलं.

झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची होती, पण राहवलं नाही. हॉटेलात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं. डेलमर कॉफीच्या कपात असा बघत होता, जणू आत तळ सापडत नाहीये. मग मिलो म्हणाला, "डेलमर, हात लांब होते म्हणालास. पुढचे का मागचे?" आणि जे हसू फुटलं! इर्मा काउंटर धरून खाली बसली. नोव्हेंबरनंतर त्या हॉटेलात कोणी असं हसलं नव्हतं. मी पेन्सिल घेऊन नाव खोडायला उठले तर मिलोने हात धरला. म्हणाला, "राहू दे. लॅम्बर्टने पारखलेला आहे." म्हणून ओटिस अजून दुसऱ्या ओळीत आहे.

तर अशी सगळी हकीकत. तुमचंच बोलणं खरं ठरलं, रांगेत वासरंच निघाली, तेव्हा मनसोक्त हसून घ्या. मी मजेत आहे, माझी काळजी करू नका, आणि उगीच येण्याचे कष्ट घेऊ नका. रस्ते निसरडे आहेत. औषधं वेळेवर घ्या.

तुमची वहिनी,
लुएला वाव्रा

ता. क. कोण पोरगा आणि कोण वासरू हे नीट लावायला काल रात्री वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शेवटच्या पानावर पाच जागांची आणखी एक रांग निघाली, तारीख ऑगस्टची. ही टीम कॉलेजची नाही, आमच्या घरची. डाव्या टोकाला स्वतः ते. मधे मी: "डाव हिच्याच हातून सुरू होतो, बाकीचे नुसते उभे." मग गुरांचा डॉक्टर, मग मिलो ("बोलतो फार, बोलावलं की येतो"), आणि पाचवा जुना ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मागे दुसऱ्या ओळीत देव. माझ्यामागची चौकट रिकामी आहे. एकतीस वर्षांत एकदाच त्यांनी आपला नियम मोडला, आणि बाजूला लिहिलंय: "हिच्यामागे कोण? सुचत नाही."

ता. क. २. त्यांच्या स्वतःच्या मागे मात्र नाव आहे. जसंच्या तसं उतरवते: "एल्डन. वय एकोणसत्तर. वजन आता माहीत नाही. उठायला वेळ लावतो. एकदा उभा राहिला की हलत नाही. विचारायला हवं." शेवटच्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ ओढली आहे. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन महिने होते त्यांच्याकडे आणि फोन भिंतीवरच होता. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही. भावजी, त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी विचारते आहे.

ता. क. ३. ट्रकवाल्याला सांगितलंय, गुरुवार संध्याकाळपर्यंत माझा फोन आला नाही तरच ये. ओटिसला मी तसंही देणार नाहीये. कोलाचे बुधवारी करते, चोवीस.

ता. क. ४. टोपी हवी ती घाला.