दिवा मोठा करू नका

ती. विष्णुमामांच्या चरणी,

राजूरहून प्रणिताचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि तुम्हा दोघांची भांडणं आटोक्यात आहेत असं धरून चालते. पत्र बघून दचकू नका. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तुम्ही रागाने बाहेर पडलात, माझा फोन उचलत नाही, आणि मामी म्हणतात की हल्ली ते फक्त छापील आणि लिहिलेल्या कागदाशीच नीट वागतात. म्हणून हा कागद. (अक्षर तसंच आहे. चष्मा पुसून घ्या.)

मामा, मला सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. शाळेत फळ्यावर कालचीच तारीख लिहिली, घरी चहा उतू घालवला, तो पुसायला गेले आणि फडकं हातात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत बसले. कारण येत्या रविवारी नगरला तुमच्या पेन्शनर मंडळाची बैठक आहे, आणि तुम्ही ठराव मांडणार म्हणे, की मंडळाने वाटलेले सोलर दिवे बोगस निघाले, सबब दुसरी खेप रद्द. ती खेप वरच्या वाडीची आहे हो. आषाढात डोंगर खचला तेव्हापासून दोन्ही वाड्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, विजेचा खांब अजून तिकडे फिरकलेला नाही. खालच्या वाडीला तुमचे दिवे मिळाले. वरच्या वाडीची माणसं बाजारच्या दिवशी मला गाठून विचारतात, बाई, आमचं कवा? मी दर वेळी म्हणते, येतील. आता मला बाजारात तोंड लपवून भाजी घ्यावी लागते.

दिवे बोगस नाहीत, मामा. ज्याने ते मंडळाला विकले तो दुकानदारही चोर नाही. (त्याला मी फोनवर जे बोलले ते आठवलं की आता घाम फुटतो. तुम्ही जे बोललात ते तर त्याने रेकॉर्ड करून ठेवलंय म्हणे.) झालं ते असं.

वाटपाच्या दिवशी तुम्ही भाषण केलंत. छान केलंत, जरा लांबलं, सूर्यनारायणापासून सुरू करून पेन्शनवाढीपर्यंत आलात, तरी माणसं उन्हात शांत बसली. शेवटी तुम्ही दिव्याचं बटण दाखवलंत, लहान, मध्यम आणि मोठा, आणि हात जोडून म्हणालात, माय-बहिणींनो, एवढं माझं ऐका, दिवा मोठा करू नका. झाली की हो पंचाईत. पुढच्या आठवड्यापासून रड सुरू, की दिवे दिवेलागणीला लागतात आणि जेवणं व्हायच्या आत मान टाकतात. मी एक दिवा छगनच्या मोबाईलच्या दुकानात उघडून घेतला. बॅटरी ठणठणीत. मग सगळा राग दुकानदारावर काढला, तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही पेटलात. (शनिशिंगणापूरला तेल वाहून आलात तरी राग उतरला नाही, असं मामींनी कळवलंय.)

काल भर दुपारी मालनबाईंच्या शेडमध्ये गेले. देवापुढे दिवा चालू. बाहेर लख्ख ऊन, आणि हा आत देवाशी गप्पा मारतोय. मी बंद करायला हात पुढे केला तर बाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, बाई, आसं करू नगा, सायबांनी हात जोडून सांगितलंय, दिवा मोठा करू नका.

मामा, कळलं का? आजी, म्हणजे तुमची आई, काय म्हणायची आठवा. दिवा विझव असं घरात कधी बोलू द्यायची नाही. मोठा कर म्हणायची. इथे अजून तसंच म्हणतात. तुम्ही म्हणालात उजेड वाढवू नका, त्यांनी ऐकलं दिवा विझवू नका. अख्खी वाडी तुमचा शब्द पाळतेय. कुणी दिवा चालू ठेवूनच पत्र्यावर उन्हात मांडतं, तो दिवसभर सूर्याला उजेड दाखवतो आणि संध्याकाळी रिकामा. मी तिथेच कपाळाला हात लावून बसले. हसू येत होतं आणि लाजही वाटत होती, कारण भाषणाच्या वेळी टाळ्या मीच सुरू केल्या होत्या.

तेव्हा ठराव मागे घ्या आणि दुकानदाराला एक गोड फोन करा. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
प्रणिता

ता. क. : खरं काम राहिलंच. मी सगळ्यांना बटण कसं बंद करायचं ते सांगितलं, पण माझं कुणी ऐकत नाही. ज्यांनी हात जोडले त्यांनीच येऊन सांगावं म्हणतात. तेव्हा शनिवारी राजूरच्या एसटीत बसा. फक्त एक वाक्य बोला. सूर्यनारायणाला नगरलाच ठेवून या.

आणखी एक : पाकीट चिकटवायच्या आधी मालनबाईंकडे पुन्हा जाऊन आले. तुम्ही येणार म्हटल्यावर त्यांनी देवापुढचा दिवा जवळ ओढला. मग म्हणाल्या, बाकीच्यांना सांगू द्या, मला न्हाई. डोंगर आला त्या रात्री सहादेवबाबा, त्यांचे मालक, गुरं सोडायला गोठ्यात गेले होते. मागं रॉकेल वाचावं म्हणून मीच दिवा मोठा केला हुता, म्हणाल्या, त्यास्नी माघारी यायला घर दिसलं न्हाई. सायबांनी हात जोडून सांगितलं तवा मला वाटलं, ह्यास्नी कसं कळलं. मामा, मी दिव्याला हात न लावता निघून आले. तुम्हीही त्यांच्यापुढे बटणाचं काढू नका. दुसऱ्या खेपेत एक दिवा जादा घ्या. मालनबाईंचा एक उन्हात राहील, एक तेवत राहील.