विषय : टचपॅड नीट चालत नसल्याबाबत

निलंगा,
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. सिद्धम्मा अक्कास,
धाकट्याचा शरणार्थ.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते तू फोनवर धड सांगत नाहीस. "हाय, चाललंय" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्र तसं मधेच ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. पहिली ओळ हाताला सवय म्हणून अर्जासारखी 'विषय' अशीच टाईप झाली. तीस वर्षं तहसीलसमोर लोकांचे अर्ज लिहितोय, त्यामुळे सख्ख्या बहिणीला काय लिहायचं ते सुचायला वेळ लागतो.

सोमवारी अमावस्येला शेतातली येळवस चांगली झाली. आपला वैजनाथ आणि सूनबाई मंजुश्री नांदेडहून दोन दिवस आधीच आले होते. कडब्याची झोपडीसारखी कोप उभी केली, पूजा केली, भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबिल पोटभर झाली. हरभरा बरा आहे, तूर काढणीला आलीय. आंबिल पिताना नीलम्मा म्हणाली, "अक्का असत्या तर लसूण कमी पडला म्हणाल्या असत्या." खरंच कमी पडला होता.

आता लॅपटॉपची हकीकत सांगतो. तू म्हणशील, मला काय त्याचं. पण वाच.

दिवाळीत वैजनाथनं त्याचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यावर विंडोज चालेना, एक कागद उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. मंजुश्री नांदेडच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. तिनं विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं. हेही विंडोजसारखंच सगळं चालवतं, फुकट असतं, आणि जुन्या मशीनला झेपतं. मराठी अक्षरं पण झकास उमटतात. मी खूश झालो. पण घरी आणल्यावर टचपॅड नीट चालेना. टचपॅड म्हणजे बटणांच्या खाली जी गुळगुळीत चौकोनी पट्टी असते ती. तिच्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो. बाण फिरायचा, पण दोन बोटांनी पान वर-खाली सरकत नव्हतं, आणि बोट टेकवून काही उघडत नव्हतं. लॅबमध्ये मंजुश्रीनं वेगळा माऊस लावून काम केलं होतं, त्यामुळे तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

चार दिवस मी त्याच्या मागे लागलो. शेवटी फोनवर मंजुश्रीनं कारण शोधलं. लिनक्सला हे टचपॅड आहे हे कळतच नव्हतं, साधा जुना माऊस आहे असंच ते धरून चाललं होतं. ती म्हणाली, "मामा, मी सांगते ती ओळ लिहा, म्हणजे सुरू होताना त्याला ओळख पटंल." काळ्या पडद्यावर मी एकेक अक्षर लिहीत गेलो. तीनदा चुकलं. एक टिंब राहत होतं. चौथ्या वेळी लॅपटॉप बंद करून सुरू केला, दोन बोटं ठेवून ओढली, आणि पान असं अलगद सरकलं की मी नीलम्माला हाक मारून दाखवलं. ती बघून म्हणाली, "एवढ्यासाठी चार दिवस ताट गार केलंत व्हय?"

तिथं गोष्ट संपायला हवी होती. पण थोड्या दिवसांनी लक्षात आलं की बाण उड्या मारतोय. मी एका जागी बोट ठेवावं तर तो दुसरीकडे जाऊन काहीतरी उघडायचा. कधी लिहिलेली ओळ उचलून भलतीकडे नेऊन टाकायचा. मी लिनक्सला नावं ठेवली, पट्टीला नावं ठेवली. शेवटी बाजारातून माऊस आणला, तर तोही तसंच करायला लागला. दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला, असं मी चार लोकांत सांगत फिरलो.

डिसेंबरात औरादकडच्या एका खेड्यातून सिंधुबाई म्हणून एक बाई आल्या. मालक सहा महिन्यांपूर्वी गेले, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायचं होतं. मी अर्ज लिहिला, छापला, दिला. आजवर लिहिलेलं परत वाचायची मला कधी गरज पडली नाही, याची मला घमेंड होती हे तुला ठाऊक आहे. बाई रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. अर्जात बाणानं नावं उलटीपालटी केली होती. अर्जदार म्हणून नवऱ्याचं नाव आणि मयत म्हणून सिंधुबाईंचं. कागद बघून रांगेतला एकजण मोठ्यानं म्हणाला, "मेलेल्या माणसानंच अर्ज केलाय की." दोघं-तिघं हसले. बाई कागद घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "बाई, मशीन बिघडलंय." त्या म्हणाल्या, "मशीनला काय म्हणावं, दादा. परत लिहा." पण वेळ संपली होती. त्या जीपनं गावी परत गेल्या.

मशीन बिघडलंय असं मी म्हणालो, तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पुरतं नाही, पण माहीत होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी, दुपारी, ओसरीवर बसून मंजुश्रीनं लॅपटॉप उघडला. थोडा वेळ काहीबाही तपासून म्हणाली, "मामा, टचपॅडला काही झालं नाही."

"मग बाण उड्या का मारतो?"

तिनं एक खिडकी उघडली. पट्टीला जे जे शिवेल त्याची त्यात एकेक ओळ उमटते. आधी तिनं स्वतःचं बोट ठेवलं. दोन ओळी उमटल्या आणि थांबल्या. मग मला म्हणाली, "तुम्ही ठेवा. हलवू मात्र नका."

मी उजव्या हाताचं बोट ठेवलं. हलवलं नाही. ओळी पळायला लागल्या, अक्का. एकीखाली एक, एकीखाली एक, पडदा भरून वर चालल्या. मी बोट दाबून धरलं तर आणखी जोरात. मंजुश्री म्हणाली, "डावं ठेवून बघा." डाव्याच्या तीन ओळी उमटल्या आणि थांबल्या.

तेवढ्यात नीलम्मा बाजरी निवडायला सूप घेऊन बाहेर आली. पोरीनं पडदा हळूच स्वतःकडे वळवला. मग खालच्या आवाजात विचारलं, "कधीपासून, मामा?"

"काय कधीपासून?"

तिनं नजरेनंच माझा उजवा हात दाखवला. मी म्हणालो, "श्रावणापासून."

श्रावणापासून माझा उजवा हात कापतो, अक्का. काम करताना कमी, नुसता ठेवला की जास्त. चारचौघांत मी तो खिशात घालत होतो. चहा डाव्या हातानं घेत होतो. दाढी न्हाव्याकडे करायला लागलो होतो आणि नीलम्माला सांगितलं होतं की ब्लेड महाग झालीत.

मंजुश्रीनं ना धीर दिला ना घाबरवलं. ती कामाला लागली. बोट टेकवलं की उघडायचं ते बंद केलं, आता पट्टी जोर देऊन दाबावी लागते. बाणाची चाल मंद केली. टाईप करताना पट्टी आपोआप झोपून राहील असं करून ठेवलं. डाव्या हातानं चालवता यावं म्हणून उजवं बटण डावीकडे आणि डावं उजवीकडे केलं. अर्ध्या तासानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "हात आहे तसा असू द्या, मामा. मशीन त्याच्याप्रमाणं बसवता येतं." मी डावं बोट फिरवलं. बाण मी म्हणेन तिथं जाऊन थांबला. गेल्या काही महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेतात मी नीलम्माला सांगितलं. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "मला ठावं हाय. तुम्ही कधी सांगताव त्याचीच वाट बघून राहिले." गुरुवारी लातूरला दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे, पण सुरुवात आहे. गोळ्या नेमानं घेतल्या तर बरीच वर्षं काम चालेल, आणि टायपिंग सोडू नका. शुक्रवारी सिंधुबाई आल्या. या वेळी अर्ज छापायच्या आधी त्यांना सगळा वाचून दाखवला, सावकाश, नावासकट. मशीनचा दोष नव्हता, माझा हात कापतो, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तसं त्याच दिवशी सांगायचं की, दादा." अर्ज घेतला गेला, पोच मिळाली.

सगळ्यांना सांगून झालं, तू राहिलीस. तुलाच सांगणं सगळ्यात अवघड होतं, आणि का ते तू आतापर्यंत ओळखलं असशील.

तुझ्या उज्वलाच्या साखरपुड्यात आपले आप्पा अक्षतांचं ताट घेऊन उभे होते. त्यांचा हात कापत होता, ताट वाजत होतं, पाहुणे बघत होते. मला लाज वाटली. मी ताट हिसकून घेतलं आणि म्हणालो, "हात धड नाही तर मधे कशाला येता? आत बसा." आप्पा आत जाऊन बसले. त्यानंतर गेले तोवर ते कुणासमोर जेवले नाहीत. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू मला म्हणालीस, "तुजा हात कापंल तवा कळंल तुला."

मी तुझ्याकडे येणंच सोडून दिलं. लोकांना वाटलं तू रागावलीस. राग माझा होता, आणि तो तुझ्यावर नव्हता.

हात पहिल्यांदा कापला तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं, हे खोटं सांगणार नाही. पण लगेच दुसरं सुचलं, की अक्काला हे कळलं तर ती ते वाक्य उशाशी घेऊन बसेल. म्हणून लपवलं. आता दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, वडिलांना होतं, तुम्हाला झालं, कधी कधी असं घराण्यात चालत येतं. कुणाच्या बोलण्यानं हात कापत नाही. तू बोललीस ते आप्पांच्या बाजूनं बोललीस. त्या दिवशी त्यांच्या बाजूला कुणीतरी असायलाच हवं होतं, आणि मी नव्हतो.

आप्पांची माफी मागायची राहून गेली. ती आता कुठल्या अर्जानं मिळत नाही. तुझी मागतो.

संक्रांत झाली की पंधरा तारखेला उदगीरवरून देगलूरला येतो. नीलम्मा पण येतेय. स्टँडवर कुणाला पाठवू नकोस, घर मला सापडेल. दोन दिवस राहीन म्हणतो. जेवायला मला सगळ्यांच्या पंगतीतच बसव. हात कापला तर कापू दे.

तुझा वाट चुकलेला, आणि आता निघालेला भाऊ,
शरणप्पा