रिकाम्या बुटाचं वजन

९ मे

पोचले एकदाची! चढाईच्या सामानाचं दुकान खाली, माझी खोली वर, मधे लाकडी जिना. खोलीला खिडकी आहे आणि खिडकीत अख्खा डोंगर. घरी माझ्या खिडकीतून शेजाऱ्यांचं न्हाणीघर दिसायचं, त्यामुळे ही बढतीच म्हणायची. मालकांना सगळं गाव मामा म्हणतं. खरा भाचा एकही नाही. त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि चालतील म्हणाले. आजवर माझ्याबद्दल कुणी एवढंही चांगलं बोललं नव्हतं.

१० मे

क्रॅम्पॉन बसवायला शिकते आहे. बर्फावर चढणारे लोक बुटाच्या तळाला पोलादी दातांचा एक सांगाडा लावतात, तो क्रॅम्पॉन. बुटाच्या लांबीप्रमाणे मधली पट्टी मागेपुढे सरकवायची, खिट्टी भोकात अडकवायची, पुढची तार बुटाच्या कडेवर बसवायची आणि टाचेची कळ वर दाबायची. कळ सहज बसली तर काम सैल झालं. अंगठा सोलवटून बसली तर ठीक. माझे दोन्ही अंगठे सोलवटले आहेत, म्हणजे प्रगती आहे.

खरी परीक्षा शेवटी. पट्टा न बांधता बूट उलटा धरायचा आणि गदागदा हलवायचा. क्रॅम्पॉन पडला तर पुन्हा पहिल्यापासून. बर्फ सुरू होतो तिथे वाटाड्या प्रत्येकाची हीच परीक्षा घेतो आणि ज्याचा पडेल त्याला तिथूनच घरी पाठवतो. रडून-भेकून काही उपयोग होत नाही म्हणे.

१४ मे

हात बसला. मामा दोनदा हसले.

आईला फोन केला. धाकट्या भावाने इथूनच चढाईला जायचं ठरवलंय, महिनाअखेरीस. त्याचे क्रॅम्पॉन तूच बसव आणि नीट बसव, असं तिने तीन वेळा बजावलं. मी कशी आहे, जेवते का, हे विचारायचं राहून गेलं. लहानपणी पडायचा तो आणि मार खायचे मी, माझं लक्ष कुठे होतं म्हणून. तरी त्या गधड्यावर माझा जीव आहे. नसता तर किती सोपं झालं असतं.

१७ मे

आज एक दातांचे डॉक्टर आले होते. म्हणाले, आपला धंदा एकच, दात बसवायचा. मी खूप हसले. बूट ठेवून ते चहा प्यायला गेले.

त्यांचा डावा बूट उलटा करायला गेले तर उचलेना. दोन्ही हात लावावे लागले. आत पाय असल्यासारखा जड. हात घालून पाहिला, आत काहीच नव्हतं, फक्त गार होतं. क्रॅम्पॉन मात्र उत्तम बसला. ते परत आले आणि बूट दोन बोटांत लटकवून निघून गेले. मला वाटलं, उभं राहून राहून माझेच हात भरून आले असतील.

२१ मे

डॉक्टर बर्फाच्या भेगेत पडले. सापडले नाहीत.

२४ मे

काल पुन्हा एक जड बूट आला. कुणा प्रौढ बाईंचा होता. आज त्यांचीही तशीच बातमी आली.

मामांना विचारलं. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले. मी मागे लागले तेव्हा खाली बघत म्हणाले की होतं असं, दोन्ही हातांनी उचलायचं आणि तोंडाला कुलूप घालायचं. पूर्वी त्यांनी एकाला सांगून पाहिलं होतं. तो हसला आणि समोरच्या दुकानात गेला. परत आला नाही तो नाहीच, वर मामांचं गिऱ्हाईक गेलं. हे सांगतानासुद्धा त्यांचे हात तार वाकवत होते. असा राग आला मला त्यांचा. आणि मी तरी काय केलं? त्या बाईंना नीट जा म्हणाले.

२७ मे

धाकटा आला. दाढी वाढवलीय, ती शोभत नाही. जिना चढतानाच ताई, ताई करून आरडाओरडा. जेवताना माझ्या ताटातलं उचलून खाल्लं, लहानपणीसारखं.

मग बूट काढून माझ्यापुढे ठेवले.

उचलेनात. दोन्ही हातांनीही नाही.

२८ मे

त्याला सगळं सांगितलं. हसला. म्हणाला, ताई, तू इथे एकटी राहून येडी झालीस. दुकानातले दुसरे बूट दिले. तेही जड. तिसरे दिले, तेही. पाया पडले त्याच्या. शेवटी त्याने आईला फोन लावून माझ्या हातात दिला. आई म्हणाली, तुला त्याचं चांगलं कधी बघवलंय? जन्मभर जळत आलीस.

फोन ठेवला तेव्हा तो बॅग भरत होता. शीळ घालत.

२९ मे

सुचलं. उजव्या क्रॅम्पॉनची पट्टी एक भोक लांब लावली. पट्टा आवळला की पायाला कळत नाही. पट्टा सोडून हलवलं की पडतो. बूट एकटीला पेलेना, तर फळीवरून अर्धा बाहेर काढून हलवला. पडला. वाटाड्या हलवेल, पडेल, हाकलून देईल. चारचौघांत नाचक्की होईल त्याची. होऊ दे. मला शिव्या देत परत येईल. देऊ दे.

बूट अजून जडच आहे. असो. वर गेलाच नाही तर जड असला काय अन् नसला काय.

३० मे, दुपार

सकाळपासून दारात बसून आहे. अजून आला नाही.

मामा सांगत आले की वायरलेसवर कळलं, सगळी तुकडी बर्फावर गेली. सगळी कशी, म्हटलं. त्याचा क्रॅम्पॉन पडला नाही का? मामा कौतुकाने म्हणाले, त्याचा बघितलाच नाही. तो म्हणाला माझ्या ताईने बसवलेत, तर वाटाड्या म्हणाला मग त्यात काय बघायचं.

मामांना खरं सांगितलं. पळत गेले वायरलेसकडे. वरून कुणी बोलत नाही—

आईचा फोन. रडत होती. चुकलं म्हणाली, मी उगाच बोलले तुला. त्याला बजावलंय, ताईने दिलेलंच घाल, तिच्याइतकं तुला कुणी जपलं नाही. हे ऐकायला मी आयुष्यभर— आणि आज—

खोलीत येऊन बसले. मामा अजून नाहीत.

खाली दार वाजलं. मामा असतील.

मामा नाहीत. जिन्यावर कुणीतरी— एक पाय वाजतोय. पोलाद लाकडात रुतल्यासारखा. दुसरा वाजत नाही. एक वाजतो, मग काही नाही. एक वाजतो, मग—

उजवा वाजत नाही.

ताई म्हणतोय. ओरडत नाही आज. हळू. बर्फावरून इतक्यात खाली कसा—

विचारेल मला. बसवताना लक्ष कुठे होतं, असं विचारेल. काय सांगू, तुला वाचवायला म्हणून मीच तुझा—

दार उघडंच आहे. गार वारा आत— धाकट्या, मी खरंच तुला—