धरायचा दांडा आणि न विचारायचं वय

तीर्थरूप ताईस,

धाकट्या सांगचोलचा वाकून नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? आम्ही पाठवलेली कोबीची किमची खारट झाली, असं तू शेजारणीला सांगितलंस म्हणे. (सूनबाईंनी केली होती. मी काही ऐकलेलं नाही असं समज.)

आपल्या गावातल्या विद्यापीठाला नुकताच साक्षात्कार झाला, की म्हाताऱ्यांसाठी जे संशोधन होतं त्यात म्हातारेच नसतात. म्हणून सार्वजनिक स्नानगृहातल्या गरम पाण्याच्या टाकीत उतरताना धरायचा दांडा तपासायला त्यांनी सगळ्या वयांची माणसं बोलावली, त्यात मीही. नियम एकच : कुणी कुणाचं वय विचारायचं नाही, म्हणजे सगळे बरोबरीचे. आता वयच ठाऊक नाही तर कुणी कुणाला किती वाकायचं, आधी कुणी बोलायचं? सगळे बार्लीचा चहा पीत बसले. शेवटी योमबाई म्हणून एक निवृत्त मास्तरीण म्हणाल्या, "वय नका हो सांगू, बारा प्राण्यांपैकी जन्मवर्ष कुठल्या प्राण्याचं तेवढं सांगा." मी माकड म्हणालो. माकडाचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं; त्यातलं माझं कितवं, हा हिशेब लोकांनी माझ्या तोंडाकडे बघून केला, आणि सगळी खोली उठून उभी राहिली.

मग दांडा आला. इतका खाली, की तो धरण्यासाठी वाकावं आणि वाकल्यावर देवाचा धावा करावा. पण दाइन नावाच्या संशोधक पोरीने दोन्ही हातांनी चहा पुढे करून विचारलं, "आजोबा, कसा वाटला?" बिचारीच्या कामाला तोंडावर नावं कशी ठेवायची? मी म्हणालो, "छान आहे." योमबाई म्हणाल्या, "थोरले म्हणतात तसंच." एका विद्यार्थ्याने बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. दांडा एकमताने पास.

पुढच्या बैठकीत तो पक्का होईल आणि आपल्याच गल्लीतल्या स्नानगृहात बसेल, बायकांच्या बाजूलाही. गेल्या वर्षी तू तिथेच घसरलीस. तेव्हापासून तू आत असलीस की मी बाहेर उगाच बसून असतो. मला भीती वाटते, ताई.

तुझा,
सांगचोल

ता. क. बैठकीसाठी तुझं नाव दिलंय. तू माझ्याहून मोठी. तू दांड्याला भिकार म्हणालीस की सगळे म्हणतील, मीसुद्धा.

आणखी ता. क. आत्ताच दाइनचा फोन आला. नव्वदी ओलांडलेले एक गृहस्थ मिळालेत आणि त्यांना दांडा फार आवडलाय. तू तरीही ये. थोरल्यांचं न ऐकणारं आपल्या घरात तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही.