दुसरा माऊस

९ मार्च, सोमवार

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. सोळा महिन्यांनी ताईचं पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. तू तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात नेहमीसारखा हरवलेला स्क्रू शोधत बसला असशील. बायकोला विचारलं म्हणून सांग. फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्या, आणि ह्यांचे कान अजून शाबूत आहेत.

काम किरकोळ आहे. कॉम्प्युटरला बिनतारी माऊस घ्यावा का? आहे तो तारेचा चालतोय, तसं काही अडलेलं नाही. दुकानदाराला विचारलं तर "सोय होते हो" एवढंच म्हणाला. कसली सोय, ते त्याला सांगता येईना. तू नीट सांग. पाच-सहा पावलांवरून तो चालतो का? मध्ये खुर्ची आणि खुर्चीत माणूस असला तर? बटण दाबताना टकटक होते ती न होणारा मिळतो का? आणि तारेचा न काढता हा दुसरा लावला तर दोन्ही एकदम चालतात, की पडद्यावर काही सूचना येते?

असले प्रश्न का, म्हणशील. ह्यांच्या माऊसची तार टेबलाच्या कडेला अडकते, म्हणून आपलं विचारते.

ह्यांचं काम चालू आहे. झाडाफुलांचं जाडजूड पुस्तक आलंय, चारशे पानांचं. मजकूर बसवायचा, चित्र चौकटीत टाकायचं, मग चित्रातल्या पाकळीपासून तिच्या नावापर्यंत बारीक रेघ ओढायची. एकतीस वर्षं पुस्तकांची पानं लावणाऱ्या माणसाला यात काय अवघड? केसभर रेघ सरकली तर अख्खं पान पुन्हा लावणारा माणूस. तुझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा तीनदा मोडून लावली होती, आठवतंय ना?

जाऊ दे. तार अडकत नाही.

मागच्या खेपेला तू भरल्या ताटावर म्हणालास, "दाजी, हात थरथरतो तुमचा, काम सोडा आता." आणि मी तुला दार दाखवलं. तू खोटं बोलला नव्हतास. त्यांच्या तोंडावर बोललास, ते मला झोंबलं. आता थरथर इतकी वाढलीय की पाकळीवर टेकायची रेघ देठावर जाते, नाहीतर पानाबाहेर. हे दुपारी झोपले की मी त्यांची पानं गुपचूप दुरुस्त करायची, वर्षभर तेच करत आले. हल्ली झोपतच नाहीत. परवा एका रेघेशी पाऊण तास झगडले आणि म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला वाटतं." मी म्हटलं, "हो, दाखवून येऊ." दोघांनाही ठाऊक होतं की चष्मा ठीक आहे.

म्हणून माझ्या डोक्यात आलंय ते असं. मी मागे जेवणाच्या टेबलाशी प्रुफं वाचत बसायचं आणि कागदांखाली दुसरा माऊस धरायचा. ह्यांनी रेघ ओढत आणायची, शेवटची बोटभर मी सरकवायची. ह्यांना वाटेल, आपल्यालाच जमलं. काम गेलं तर हा माणूस खुर्चीतून उठायचा नाही रे, मी ओळखते त्यांना. हे बरोबर की चूक, ते मी तुला विचारत नाही. चालेल का, तेवढं कळव.

तुझी ताई


६ एप्रिल, सोमवार

प्रिय खटपट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. "दोन्ही एकदम चालतात, बिनआवाजाचा मिळतो, घे." आणि खाली, "मला राग नाही." ती शेवटची ओळ मी चारदा वाचली.

घेतला. पहिल्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे मागे बसले. ह्यांनी रेघ आणली, ती पाकळीजवळ नाचायला लागली, मी हळूच सरकवली. बसली. हे मागे रेलले नि म्हणाले, "जमलं की." त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. संध्याकाळी माझी फिरकीसुद्धा घेतली, "एक प्रूफ अर्धा तास वाचतेस, पाठ करतेस काय?" किती दिवसांनी घरात कोणी हसलं असेल.

दोन आठवडे पानं भराभर लागली. मी सोकावले. आधी शेवटचं बोटभर, मग अर्धी रेघ, मग बटणही मीच दाबायला लागले. त्यांचं किती आणि माझं किती, हे बघायचंच सोडून दिलं.

गेल्या गुरुवारी एका फुलाला चौदा रेघा होत्या. मी तंद्रीत सगळ्या ओढल्या आणि पुढचं पान उघडलं. मग लक्षात आलं, त्यांच्या माऊसची टकटक बऱ्याच वेळात ऐकू आलेली नाही. नजर पडद्यावरून खाली आणली. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. कधीपासून, कोण जाणे.

मी थांबले. पडद्यावरचा बाणही थांबला.

हे वळले नाहीत. म्हणाले, "थांबलीस का? चांगलं लागत होतं पान."

मी कागदांखालून माऊस काढून टेबलावर ठेवला. मग तेच म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं मला. माझी रेघ आता इतकी सरळ येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खूश दिसत होतीस."

मी त्यांना सांभाळत होते ना रे? आणि ते दोन आठवडे मला सांभाळत होते. "जमलं की" म्हणाले होते ते माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला माऊस काढला, तार गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिला. आता खिडकीशी बसतात. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे, बाकी काही नाही. त्यांच्या खुर्चीत मी बसते. सत्तर पानं उरलीत, ती वेळेवर होतील. पुस्तकात पानं लावणाऱ्याचं नाव छापतात, ते त्यांचंच जाईल. तसं सांगितलं तर मान हलवली, बस्स.

काल मी मुद्दाम एक रेघ वाकडी ओढली, चांगली ढळढळीत, आणि हाक मारली, "अहो, एवढी बघून जा, बरी आहे का?" वाटलं, ओरडतील. पान मोडायला लावतील. ओरडायलाच हवे होते.

जागचे हलले नाहीत. "बरी आहे," म्हणाले.

मी खूप रडले. नळ सोडून रडले, पण ऐकू गेलंच असेल.

तू ये. मी करते ते बरोबर की चूक, हे मला सांगणारं या घरात आता कोणी उरलं नाही.

वाट बघते,
ताई